टाकीवर लावलेली दुर्बीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या माणसांना तर नाहीच. एकदा तोंडातून निघालं होतं — पण ते सांगणं धरायचं की नाही, ते तुम्हीच बघा.

माझं बिदरमध्ये चष्म्याचं दुकान आहे. आम्ही सहाजण मिळून आकाश बघायचा क्लब चालवतो. पैशाची बोंब, म्हणून दुर्बिणी घरीच बांधल्या — प्लास्टिकचा पाइप, आत आरसा, खाली सुताराकडून करून घेतलेली लाकडी बैठक. अशा तीन झाल्या. गावच्या वाचनालयांतून त्या पुस्तकासारख्या देतो : कार्डावर सही करा, पंधरा दिवस घरी न्या. एक संतपूरला, एक कमठाण्याला, आणि तिसरी... त्या गावाचं नाव सांगत नाही. अण्णांची शोभा पुरेशी झालेली आहे.

शिवराजअण्णा तिथले ग्रंथपाल. पन्नाशीचा माणूस, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. दुर्बीण आली तेव्हा त्यांनी जुन्या पडद्याची खोळ स्वतः शिवली तिच्यासाठी. मला 'सर' म्हणायचे. मी कसला सर!

दुर्बिणीच्या अंगावर नेम धरायला एक छोटी नळी असते. ती मोठीशी जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम दिवसाउजेडी करायचं — लांबची, न हलणारी वस्तू धरून. एरवी मी मोबाइलचा टॉवर धरायचो. त्या दिवशी शिवारात तुरीच्या राशी चालल्या होत्या, हवेत भुसा, टॉवर धड दिसेना. म्हणून वाचनालयाच्या गच्चीवरून समोरच्या घरावरची पाण्याची टाकी धरली. झाकणाचा नट लख्ख दिसला. अण्णांनाही दाखवला, ते लहान मुलासारखे हसले. मग आम्ही चहाला खाली आलो. दुर्बीण तशीच राहिली, तोंड उघडं.

आमच्या बैठकीचा पेच सैल आहे. सोडली की दुर्बीण हळूहळू खाली झुकते. हे अण्णांना माहीत नव्हतं, मला होतं — पेच मीच बसवलेला. आणि टाकीच्या खाली त्या घरच्या बायकांची न्हाणी होती, साड्यांचा आडोसा केलेली.

चहा संपायच्या आत त्या घरचे चौघे आत घुसले. एकाच्या हातात कुदळीचा दांडा. "कुणी लावली ती?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही. नुसती वाट पाहिली — आता सर सांगतील, नेम कसा जुळवतात ते. सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी लावली, टाकीवर लावली, चुकून घसरली. एवढंच. मी म्हणालो, "गच्चीची किल्ली अण्णांकडंच असते."

यात खोटं काय आहे? काहीच नाही. किल्ली त्यांच्याकडेच असायची. हरामखोरी ती हीच.

"आमच्या बायास्नी बघायलास व्हय रं?" — पहिल्या थपडेत अण्णांचा चष्मा उडाला. मी केलेला चष्मा. मग शर्टाला धरून त्यांना अंगणात ओढलं, पाडलं, लाथा घातल्या. बरगडीवर, तोंडावर. दोन दात फरशीवर पडलेले मी पाहिले. आणि अण्णांनी — हे मला विसरता येत नाही — दोन्ही हात छातीशी धरले होते. लिंगाची डबी तुटू नये, जमिनीला लागू नये म्हणून. डोकं उघडं टाकलं होतं त्यांनी. कुणीही कुठंही मारावं.

मग तो दांडा माझ्याकडे आला. "सर, तुमी कामून गप? तुमचं बी नाव घालवलं न्हवं ह्यानं!"

चौघे माझ्याकडे बघत होते. मी मारलं. पहिला फटका भीतीनं मारला, तो कदाचित कुणालाही समजेल. पण मी तीन मारले. उरलेले दोन कशाचे? अण्णा खालून माझ्याकडे बघत होते आणि बोलत नव्हते, त्याचा मला संताप आला — बोल ना, घे माझं नाव! — आणि खरं सांगू? दुसरा फटका मारताना मला बरं वाटलं. तिसरा डाव्या कानावर बसला. कानातून रक्त आलं, ते कॉलरमध्ये उतरलं, तेव्हा मी थांबलो.

नंतर त्यांनी वर जाऊन दुर्बीण फोडली. पोलिसांत कुणी गेलं नाही. अण्णांचं काम गेलं. त्यांच्या बायकोला त्या गल्लीत मान वर करून चालता येईना, म्हणून ते घर बंद करून बिदरला लेकीकडे आले. क्लबाच्या बैठकीत मी म्हणालो, माणूस ओळखता येत नाही हो. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांनी मात्र खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला विचारायचं धाडस नाही.

गेल्या महिन्यात ते दुकानात आले. एकटेच. नंबर वाढला होता. मी तपासलं, काचा बसवल्या, आणि चष्मा बसवायला त्यांच्यापुढे उभा राहिलो. दांडी कानामागे वाकवावी लागते. डाव्या कानाच्या पाळीवर एक गाठ आहे, ती बोटाला लागली.

"हिकडून बोलू नका सर," ते म्हणाले. "ह्या कानानं काय बी ऐकू येत न्हाई आता."

मी दांडी नीट करायला खाली वाकलो आणि त्याच कानात, ओठ न हलवल्यासारखं, म्हणालो, "मीच लावली होती."

अण्णांनी आरशात बघितलं. चष्मा थोडा वर सरकवला. म्हणाले, डावीकडून जरा सैल आहे. मी पुन्हा तो कान हातात घेतला आणि दांडी घट्ट केली.