क्लचवरची दोन बोटं

काय माणूस होता तो! नगरच्या मोटारसायकल शोरूममध्ये सर्व्हिसिंगसाठी थांबलो असताना एकदाच भेटला. तिसगावचा दूधवाला, नाव विचारायचं राहूनच गेलं. डावा हात कायम उपरण्याखाली. चहाचा कप आणि गाडीचे कागद, दोन्ही तो उजव्याच हातात सांभाळत होता.

चार महिन्यांत त्याच्या नव्या गाडीच्या क्लचप्लेट जळल्या होत्या, आणि गाडीवाचून दूध डेअरीला पोचत नव्हतं.

"वॉरंटीत बसत नाही, काका," मॅनेजर म्हणाला. "चूक तुमची आहे. चालवताना तुम्ही ही दोन बोटं सारखी क्लचवर ठेवता." त्याने आपली तर्जनी आणि मधलं बोट नाचवून दाखवलं.

"कंची दोन?"

"ही, ही!"

दूधवाल्याने नाटकाचा पडदा सरकवावा तसं सावकाश उपरणं बाजूला केलं. डाव्या हाताची नेमकी तीच दोन बोटं नव्हती!

"सायेब, ती तर कवाच कडबाकुट्टीच्या मशिनीत गेली. तुमाला क्लचवर घावली आसतील, तर परत द्या की!"

शोरूमभर हशा पिकला. मी तर टाळ्याच वाजवल्या. मॅनेजरने वॉरंटीचा फॉर्म पुढे ओढला.

दूधवाला निघाला तेव्हा उपरणं खांद्यावर होतं. दारातून वळून त्याने मला हात केला. डावा!