शर्यतीचे तीन तुकडे

तानुबाईला रेसमधलं कळतं असं कोणी म्हटलं असतं, तर गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला असता. साताऱ्याजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावात रेस म्हणजे घर बुडवायचा धंदा, एवढंच लोकांना ठाऊक. पण श्रावण तोंडावर आला की एक आड एक रविवारी हंबीरराव आणि तानुबाई पहिल्या एसटीनं पुण्याला निघायचे. अंगात जुना लष्करी कोट घातलेला, काठी टेकत चालणारा नवरा आणि त्याचा हात धरलेली नऊवारीतली बायको. कुठं निघालात म्हणून कोणी विचारलं की तानुबाई म्हणायची, दवाखान्याला. काचबिंदूनं हंबीररावांचे डोळे गेलेत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढं कोणी विचारत नसे.

हंबीरराव लष्करात खेचरांच्या पलटणीत होते. चीनच्या लढाईत माघार घेताना त्यांच्या खेचराचा पाय दरडीत मोडला. चिमणी तिचं नाव, त्यांनीच ठेवलेलं. तिला मागं सोडता येईना आणि पुढं नेता येईना, म्हणून साहेबानं गोळी घालायला सांगितली. हंबीररावांचा नेम हलला. पहिली गोळी नीट बसली नाही, दुसरी घालावी लागली, आणि मधल्या वेळात चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांनी तानुबाईला एकदाच सांगितलं आणि परत कधी विचारू नको म्हणाले. तिनं विचारलं नाही.

पेन्शनीत आल्यावर शेत भावानं बघितलं आणि हे पुण्याला रेसच्या तबेल्यावर राखणदार म्हणून राहिले. तिथं त्यांना नाथाजी मास्तर भेटले. शाळेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ रेसला यायचा तो शाळा तपासायला आल्यासारखा. ओरडणं नाही, नवस नाही, कोणाच्या कानात कुजबुजणं नाही. मास्तरांची स्वतःची पद्धत होती. ते शर्यतीचे तीन तुकडे करायचे, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, आणि प्रत्येक घोडा आपला दम कोणत्या तुकड्यात खर्च करतो ते मांडून ठेवायचे. काही घोडे सुटल्यापासून पुढं धावणारे, काही मागं राहून शेवटी येणारे. एका शर्यतीत पुढं धावणारे तिघं असले तर ते एकमेकांना दमवून मारतात आणि मागचा शहाणा जिंकतो. पुढं धावणारा एकटाच असला तर त्याला कोणी छेडत नाही, तो सावकाश पुढं राहतो, दम राखतो आणि मग शेवटी कोणाला सापडत नाही. म्हणून आधी शर्यतीचा वेग कसा असेल ते ठरवायचं आणि घोडा नंतर. हिशेब बसला तर दिवसाला पैजेचं एक तिकीट काढायचं, नाही बसला तर शेंगा खाऊन घरी यायचं.

हंबीररावांना हे फार आवडलं. लष्करात त्यांना सगळे हुकूम दुसऱ्याचे पाळावे लागले होते, आणि इथं पहिल्यांदा कोणीतरी त्यांना जनावराबद्दल विचार करायला शिकवत होतं. दोन हंगाम त्यांनी मास्तरांच्या शेजारी बसून काढले. मग मास्तर वारले, आणि पाठोपाठ यांचे डोळे अंधारायला लागले. थोरली लेक अंजना सांगलीला दिलेली, जावई कुपवाडला कारखान्यात. तिनं सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, यायला उशीर झाला, गेलेलं आता परत येणार नाही.

गावी आल्यावर हंबीरराव सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेव म्हटलं तर जेवायचे, नीज म्हटलं तर निजायचे. तानुबाईला वाटायचं, हा माणूस आपल्यादेखत मातीचा होत चाललाय. असा एक पावसाळा गेला आणि एके दिवशी त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. "तानू, मी सांगतो तसं तू बघशील का?"

तेव्हापासून तानुबाईचं शिक्षण सुरू झालं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं स्टॉपवॉच होतं, त्याची काच हंबीररावांनी काढून टाकली. काटा ते बोटानं चाचपून वाचायचे. तिनं फक्त पुढचा घोडा तुकडा संपतो त्या खांबाशी आला की "गेला" म्हणायचं, यांनी कळ दाबायची. मग पुढं कोणत्या रंगाची टोपी, मागचा किती घोड्यांच्या लांबीवर, कोण दाबतंय, कोण ओढून धरलंय, सगळं सांगायचं. सराव गावच्या जत्रेतल्या बैलगाड्यांवर झाला. सुरुवातीला तिची नजर एकाच गाडीवर खिळायची, बहुतेक ज्याचे बैल देखणे त्याच्यावर. हंबीरराव चिडायचे. शेवटी एकदा त्यांनी विचारलं, लहानपणी तू माळ्यावर उभी राहून जोंधळ्याची राखण करायचीस, तवा पाखरं कशी बघायचीस? ती म्हणाली, एका पाखराकडं बघितलं की बाकीची कणसं रिकामी करत्यात, म्हणून कुठंच बघायचं न्हाई, समदं रान डोळ्यात घ्यायचं. हंबीरराव म्हणाले, तसंच बघ.

आणि तिला ते जमलं. पुण्याला स्वस्तातल्या स्टँडमध्ये धोतर-टोपीवाल्यांच्या गर्दीत उभी राहून ती नवऱ्याच्या कानाशी शर्यत सांगायची. लाऊडस्पीकरवर इंग्रजीत कोणीतरी बोलायचं, ते त्या गलक्यात कोणालाच कळत नसे. परतीच्या एसटीत हंबीरराव काटा, टोप्या आणि अंतरं जुळवत बसायचे आणि खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत बोलत राहायचे. तिकीट कधी लागायचं, बरेचदा नाही. तानुबाईला त्याचं काही नव्हतं. माणूस बोलतोय, भांडतोय, भाकरी मागून घेतोय, तिला एवढंच हवं होतं. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही त्यात गोडी लागली होती, पण ते तिनं कोणाजवळ कबूल केलं नसतं.

चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात एक सब्जा घोडा धावायचा होता. पांढऱ्या अंगावर राखाडी ठिपके, पुढं पळणारा. पुतण्या कृष्णातनं पेपरातून सगळ्यांची मागची कामगिरी वाचून दाखवली आणि हंबीररावांनी दोन दिवस हिशेब केला. त्या शर्यतीत पुढं पळणारा तो एकटाच होता. मास्तरांनी सांगितलेला नमुना इतका स्वच्छ त्यांना कधी सापडला नव्हता. पुण्याला जाताना वाटभर त्यांच्या तोंडावर हसू होतं.

घोडे सुटले. पिवळ्या टोपीचा सब्जा पुढं आला आणि कोणी त्याला छेडलं नाही. पहिला तुकडा सावकाश गेला, मधला त्याहून सावकाश. काटा चाचपून हंबीरराव पुटपुटले, आता ह्यो थांबत न्हाई. वळण संपलं, आणि समोरच्या सरळ पट्टीत सब्जाचा पुढचा पाय लाकूड मोडावं तसा मोडला.

स्वार फेकला गेला. बाकीचे घोडे बाजूनं निघून गेले, आणि सब्जा तीन पायांवर त्यांच्यामागं धावायला बघत होता. चौथा पाय नुसता लोंबत होता. गर्दीतून एकदम हाय झाली.

"काय झालं?" हंबीररावांनी विचारलं.

तानुबाईच्या डोळ्यासमोर चिमणी उभी राहिली, जी तिनं कधी बघितली नव्हती. ती म्हणाली, "दमला. मागची म्होरं आली." आणि मग आठवण होऊन बऱ्याच उशिरा म्हणाली, "गेला."

शेजारचं कोणी काही बोलायच्या आत तिनं नवऱ्याला एसटी चुकेल म्हणून बाहेर काढलं. फाटकाशी पोचले तेव्हा मागं एक आवाज झाला. हंबीरराव थबकले. कसला आवाज म्हणाले. ती म्हणाली, मोटारीचं चाक फुटलं. जन्म बंदुकीत गेलेल्या माणसानं ते ऐकून घेतलं आणि चालायला लागला. रात्री तिनं कृष्णातला बाजूला घेऊन पेपरातलं ते वाचायचं नाही असं बजावलं.

आपण मोठं शहाणपण केलं असं तिला वाटलं होतं. चार दिवसांतच तिला कळलं की आपण काय करून बसलो. हंबीरराव पुन्हा पुन्हा तोच हिशेब मांडत होते. पहिला तुकडा एवढा हळू, मधला हळू, छेडणारा कोणी नाही, मग घोडा दमेल कसा? आणि शेवटच्या तुकड्याला इतका वेळ कसा लागला? मग ते म्हणायला लागले, बोटाला काटा नीट कळला नसेल. मग म्हणाले, घोड्यांची निवडच चुकली. मग एके दिवशी म्हणाले, मास्तरांची पद्धतच खोटी होती, आपण आंधळे व्हायच्या आधीपासूनच आंधळे होतो. त्यांनी सगळ्याला दोष दिला, पण तानूनं चुकीचं सांगितलं असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. स्टॉपवॉच त्यांनी फडताळात टाकून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

दसरा झाला. अंजनाकडं तरी मन रमेल म्हणून तानुबाई त्यांना सांगलीला घेऊन गेली. स्टँडवर टांगा केला. थोडं पुढं गेल्यावर तिनं बघितलं, हंबीररावांची बोटं गुडघ्यावर टापांचा ताल धरत होती. एकाएकी ती थांबली. त्यांनी मान तिरपी केली, परत ऐकलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. म्होरला डावा पाय येगळा वाजतोय असं वाटलं. पर माझं काय खरं हाय आता."

टांगा दोन चौक पुढं गेला आणि घोडा लंगडायला लागला. टांगेवाला उतरला, पाय उचलून बघितला. डाव्या पायाचा नाल सुटत आला होता, खिळा आत टोचत होता. त्यानं घोड्याला कडेला लिंबाखाली घेतलं आणि पाय मांडीवर घेऊन खिळा काढत बसला. हंबीररावांचा चेहरा पडला. मला कळलं होतं आणि मी बोललो नाही, जनावर तेवढं अंतर दुखऱ्या पायानं चाललं, असं ते हळूच म्हणाले. तानुबाईला ते सहन झालं नाही. या माणसाला हातानं धरून आपणच विहिरीत ढकललंय हे तिला दिसलं.

"आवं, तुमचा हिशेब चुकला न्हवता," ती म्हणाली. "सब्जा दमला न्हाई. त्याचा पाय मोडला. मी खोटं सांगितलं."

 हंबीरराव रागावतील, काठी आपटतील, तिथंच उतरून चालू लागतील, अशी तिची तयारी होती. ते म्हणाले, "समदं सांग. पैल्यापासनं."

तिनं सांगितलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं. पहिल्या तुकड्यात सब्जा दोन घोड्यांच्या लांबीनं पुढं, कान ताठ, स्वारानं लगाम धरलेला. मधल्यात तीन घोड्यांच्या लांबीनं पुढं, मागं कोणी दाबत नव्हतं. मग शेवटचा. पाय कुठं मोडला, स्वार कुठं पडला, तीन पायांवर तो बाकीच्यांमागं कसा धावायला बघत होता. मग माणसं आडोशाला कापडाची कनात धरून धावली. तिचा आवाज फाटला तरी ती थांबली नाही.

"फाटकाशी येकच आवाज झाला व्हता," हंबीरराव म्हणाले. "म्हंजी येकाच गोळीत गेला."

"व्हय."

"त्येचं डोकं धरल्यालं का कुनी?"

"लाल बनियनमधला त्येला राखणारा मोतद्दार व्हता. मातीत बसून त्येनं डोकं मांडीवर घेतल्यालं. कनात लागायच्या आधी मी बघितलं."

 त्यांना आता आपली पद्धत खरी होती म्हणून बरं वाटेल, असं तानुबाईला वाटलं होतं, पण त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी चाचपून तिचं मनगट धरलं.

"आनि तुजा हात कुनी धरल्याला?"

"तुमीच की," ती म्हणाली. "तुमचाच हात व्हता माझ्या हातात."

"मी तर येळ इचारत व्हतो तुला," हंबीरराव म्हणाले. "शेवटच्या तुकड्याला येवढा कसा लागला, ते इचारत व्हतो. घरला येऊन म्हयनाभर तेच इचारलं. आनि तू येवढं येकलीनं बघितल्यालं."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. टांगेवाल्यानं खिळा काढला, नाल हातात घेतला आणि बसा म्हणाला, सावकाश नेतो. दोघंही खाली उतरली. घोड्यावर ओझं नको, आम्ही चालत येतो, असं हंबीररावांनी त्याला सांगितलं, आणि तानुबाईचा हात धरून ते अंजनाच्या घराकडे चालू लागले.