तांबं धरणारा द्रव

आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या आपा काचेचं फनेल, म्हणजे खाली तोटी असलेलं बंद भांडं, तान्ह्या बाळासारखं हलवतात आणि त्याच्याशी बोलतातही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. त्यामुळे इथं असं बोलायचंच असतं, असं मला आधी वाटलं होतं.

काल फनेलात तांब्यानं निळं झालेलं पाणी होतं. त्याच्याखाली आपांनी कित्येक आठवडे खपून बनवलेला जड द्रव होता, तांब्याला चिमट्यासारखा धरणारा. आपांनी फनेल हलवून ठेवलं. निळा रंग खाली उतरला, वर नितळ पाणी राहिलं.

"आपा, जमलं की!"

"नाय रे. यानं तांबं परत सोडलं नाय, तर हा एकदाच कामाचा. सगळी मेहनत वाया."

त्यांनी पाणी वेगळं केलं आणि द्रवावर पातळ आम्ल ओतलं. "सोड राजा, लई धरलंस," त्या पुटपुटल्या.

निळाई हळूहळू वर चढली. खालचा द्रव पहिल्यासारखा स्वच्छ झाला.

आपांनी तोच द्रव धुऊन फनेलात ठेवला आणि निळ्या पाण्याची दुसरी बाटली माझ्याकडं सरकवली. "आता तू हलव. लाजू नको, बोल त्याच्याशी."

मी दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

"चल बाळा," मी म्हणालो.