रबराचं हृदय

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे — सांगून काही बदलणार नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत होते. यंत्राचा एक हात बनवत होतो आम्ही — धडधडतं हृदय न थांबवता ऑपरेशन करता यावं म्हणून. कॅमेरा हृदयावर नजर ठेवणार, ते हललं की यंत्राचा हातही तेवढाच हलणार, आणि डॉक्टरला समोर सगळं स्थिर दिसणार. गावी, नांदुऱ्याजवळ, मोठेबाबांना — माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला — हे सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे वाऱ्यानं पऱ्हाटी हालते, तरी आपन बोंड येचतोच, तसंच ना वं!"

अगदी तसंच — कपाशीचं झाड हलत असतं, वेचणारा हात त्याच्याबरोबर हलतो. काय फुगले मी! पुण्यात तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघालं की लोक हसायचे. इथे माझं ऐकायला ओट्यावर माणसं जमायची. मग मी वाढवून सांगू लागले. यंत्र तयारच आहे, दिवाळीनंतर माणसांवर सुरू — असंही बोलून गेले. खरं काय होतं? आमचा हात मोटरवर धडधडणाऱ्या रबराच्या हृदयावर चालायचा. एक ठोका चुकला, की भलतीकडेच जायचा. माणसाच्या जवळपासही पोचलो नव्हतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात मोठेबाबांच्या छातीत दुखलं. नागपूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली — हृदय थांबवून करायची — तारीखही दिली. मोठेबाबा अडून बसले. चालतं दिल बंद करून घ्याले मी काय येडा हाय? पोरीचं मशीन येऊन राह्यलं! बीटी कापसाचं बियाणं नवं होतं तेव्हाही शेजाऱ्यांनी जुनंच पेरलं. हे मात्र पाऊस पडून गेला तरी रान मोकळं ठेवून नव्या पाकिटासाठी थांबले, आणि त्या साली कापूस साधला तो यांनाच. नव्यासाठी थांबावं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलेलं.

मोठ्या आईचा — मोठेबाबांच्या बायकोचा — फोन आला. "तू म्हनशीन त जातीन थे. सांग ना वं त्याइले."

एक वाक्य बोलायचं होतं — मोठेबाबा, मी थापा मारल्या, नागपूरला जा. आलं का तोंडातून? नाही. डोळ्यांसमोर ती ओट्यावरची माणसं. जीव मोठा की लाज मोठी? "प्रयोगशाळेतल्या सरांशी बोलते, थोडं थांबा," म्हणाले. थांबा — मीच म्हणाले.

तारीख गेली. वेचणीच्या दिवसांत, कमरेला कापसाची ओटी बांधलेली असताना, मोठेबाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टेकले ते उठलेच नाहीत. ऑपरेशन झालं असतं तर वाचले असते? सांगता येत नाही. पण त्यामागे मला लपायचं नाही.

तेरवीला मोठी आई माझा हात धरून बायकांना सांगत होती — पोरीनं लय धडपड केली, त्याइलेच दम धरवला नाही. मी मान खाली घालून उभी. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

पुढे आमचं ते काम बंदच पडलं. परवा गावी गेले, तर मोठ्या आईनं विचारलं, "झालं का वं तुहं मशीन? कोनाच्या तरी कामी येऊन राह्यलं ना?"

"हाव, येऊन राह्यलं," म्हटलं. तिला फार बरं वाटलं.