आधी हात धुवा

गेल्या वर्षी नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी आमच्या पनवेलच्या पोळी-भाजी केंद्रात हात पुढे केला की साबण सोडणारी सेन्सरची चार मशिनं लागली. किंमत चौदा हजार. सात आगाऊ दिले, उरलेले सात एका महिन्याने द्यायचे ठरले. हजर होतो मी, माझी बायको, पोळ्या लाटणाऱ्या तिघी आणि विक्रेता.

केंद्र बायकोच्या हातांवर चालतं. मी फक्त हिशेब बघतो.

विक्रेता आठवड्याला यायचा आणि निळ्या कॅनमधून जुन्या साबणावरच नवा ओतून जायचा. कॅनवर लेबल नव्हतं. मी विचारलं, "मशिनची टाकी कधी धुवायची?"

"काका, साबणाला कसला साबण लावायचा!" तो हसला. मीही हसलो.

तिसऱ्या आठवड्यात बायकोच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलली. लाटणाऱ्यांचेही हात थोडे सोलले. पिठात मीठ टाकलं की ती ओठ दाबून कळ सोसायची. मग मळणंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, आधी साबण बदला. मी विक्रेत्याला फोन केला.

"काकूंची कातडीच नाजूक. त्यांना घरी बसवा, पोळ्यांचं मशिन देतो. तेही आहे माझ्याकडे."

मी फोन ठेवला. भांडलो असतो तर तो सहज सुटला असता. मशिनं बंद केली, पण टाक्यांना हात लावला नाही. सगळ्यांना साधी साबणाची वडी दिली आणि उरलेले सात हजार न्यायला विक्रेत्याला जेवायच्या वेळी बोलावलं. शेजारच्या हार्डवेअरवाल्या चाचांनाही बोलावलं. इमारतीतल्या सगळ्या दुकानांसाठी ते याच माणसाकडून मशिनं घेणार होते.

ताटं वाढली. मी त्याचं मशिन चालू केलं आणि म्हटलं, "या. आधी हात धुवा."

"मी घरून धुऊनच आलोय."

"अरे मियाँ, धुवा की," चाचा म्हणाले. "माल तुमचाच आहे."

त्याने मशिनकडे पाहिलं. "काकू, जरा चमचा द्या ना."

लाटणाऱ्यांपैकी करंजाड्याहून येणारी बाई पोळपाटावरून म्हणाली, "आमचं हात सोललं तवा चमचा नाय दिलास रं!" तिघीही हसल्या.

मी टाकी काढून चाचांपुढे धरली. तळाला बुळबुळीत काळपट थर होता. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "आमची ऑर्डर रद्द." विक्रेत्याचा चेहरा उतरला, तो मी पोटभर पाहून घेतला. कीव आली नाही, आजही येत नाही.

मग सांगितलं, "मशिनं घेऊन जा आणि आगाऊ परत कर. नाहीतर ही टाकी घेऊन मी करंजाड्यापर्यंतच्या प्रत्येक खानावळीत जाईन." पैसे मिळाल्यावरही तिघाचौघांना सांगितलंच. गप्प राहायचं मी कबूल केलेलं नव्हतं.

आता साबणाचे, कोपराने दाबायचे डबे आहेत. त्यांना बॅटरीचे सेल लागत नाहीत, त्यामुळे संपलेले सेल कचऱ्यातही जात नाहीत. यांचीही टाकी सुटी होते. ती धुऊन, वाळवूनच पुन्हा भरतो आणि साबणात काय आहे ते कॅनवर वाचता येतं. चाचांनीही तेच घेतले. दिवाळीनंतर बायको पुन्हा कणीक मळायला बसली.

त्या दिवशी विक्रेत्याने नोटा माझ्यापुढे धरल्या होत्या. मी हात पुढे केला नाही. "ज्यांना घरी बसवायला निघाला होतास, त्यांना दे." न जेवता त्याने सात हजार मोजले आणि माझ्या बायकोला दिले.