काडीनं लावलेला दिवा

गेल्या नवरात्राच्या आदल्या दिवशी पहाटे कार्ल्याच्या एकवीरा आईच्या गडावरून ज्योत घेऊन मी पुण्याला पायी निघालो, तेव्हा मनात भक्ती थोडी आणि भीतीच जास्त होती. डॉक्टरांनी बायकोला घरी न्यायला सांगितलं होतं. आता औषधाचा उपयोग नाही, एवढंच म्हणाले. आमच्या कसब्यातल्या घरी घटाजवळचा दिवा दरवर्षी याच ज्योतीवर लागतो. ती मंडळाची पोरं आणतात. त्या खेपेला मी म्हटलं, मीच आणीन, एकटा, अनवाणी, आणि ती न विझता पोचली तर हिला काही होणार नाही. देवीला मी चक्क अटच घातली होती. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण माणूस खचला की काहीही सुचतं.

काचेच्या कंदिलात तेलाचा दिवा होता. कामशेतच्या पुढे तेल घालायला मी झाकण उघडलं, तेवढ्यात शेजारून ट्रक गेला आणि ज्योत विझली. मी रस्त्याकडेला मटकन बसलो. आता ही जाणार, दुसरं काही मनात येईना. किती वेळ रडलो, ठाऊक नाही. मग खिशातली काडेपेटी काढली आणि कुणी बघत नाही असं पाहून दिवा लावला. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी चालू लागलो.

रस्त्यानं जाणाऱ्या ज्योतीत तेल घालायची इकडे रीत आहे. पुढच्या वाडीत एक म्हातारी वाटी घेऊन लगबगीनं आली. तिनं तेल घातलं आणि माझ्या त्या काडीच्या दिव्यापुढे माथा टेकला. मला ते बघवेना.

"मावशी, ही देवीची नाही. ती विझली. ही मी काडीनं लावलीय."

ती रागावली नाही. "कुणासाठी नेताय, भाऊ?"

"बायकोसाठी. फार आजारी आहे."

"मंग चला देवळात. पोरांनी गेल्या साली गडावरनं ज्योत आणलीती, तवापासनं दिवा इजू दिला न्हाई आमी. कंदी मी तेल घालते, कंदी शेजारीण. एकलीच्यानं कुटं व्हतंय?"

देवळातल्या दिव्यावर तिनं माझी वात लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगमाचा पूल ओलांडून मी पुण्यात शिरलो. पाय फोडांनी भरले होते. शनिवारवाड्यापाशी गाड्यांच्या गर्दीत कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. लेकीनं दार उघडलं. पलंगावरून ही दिव्याकडे बघत राहिली. मी तिला काडीसकट सगळं सांगितलं. "एका काडीत पेटला का? घरी तर चार लागतात तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली. ते तिचं शेवटचं हसणं.

पाचव्या माळेला ती गेली. सुतक लागलं, घटाला माझा हात चालेना. शेजारच्या वहिनी रोज येऊन तेल घालायच्या आणि मी देवघराच्या दाराबाहेर बसून पाहायचो. देवीवर मी फार चिडलो होतो, अजूनही कधी कधी चिडतो. पण तिथं बसल्या बसल्या कळत गेलं, की दिवा माझ्यावाचून जळतो आहे, आणि हिचं जाणंही माझ्या हातून घडलेलं नव्हतं. ते माझ्या हातात कधी नव्हतंच. दसऱ्याला वहिनींनी शेवटचं तेल घातलं, तेव्हा मी काही मागितलं नाही. दारातूनच हात जोडले.