आला नाही म्हणजे बरा झाला

“आला नाही म्हणजे बरा झाला. लिहा, मॅडम.”

आमचे सर हे वाक्य खुर्चीत मागे रेलून, चष्म्याची काडी दाताखाली धरून म्हणत. दुखलं की माणूस धावत दवाखान्यात येतो, एवढंच त्यांचं शास्त्र. असा साहेब तुमच्याही पाहण्यात असेल. बढती नेमकी त्यालाच मिळते.

सर होते सर्जन, पण त्यांना ‘सुरी खाली ठेवणारा सर्जन’ म्हणून मिरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी संभाजीनगरातल्या आमच्या रुग्णालयात एक अभ्यास काढला. अपेंडिक्सला सूज आलेले रुग्ण घ्यायचे, चिठ्ठी टाकून निम्म्यांचं ऑपरेशन करायचं आणि निम्म्यांना नुसती औषधं द्यायची. वर्षाने सगळ्यांना विचारायचं, दुखणं परत आलं का? विचारून वहीत नोंदवायचं काम माझं. सरांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

नुसत्या औषधांवर ठेवलेले बरेचजण वर्षाने फिरकलेच नाहीत. फोन करू का म्हटलं तर सर हसायचे. “बऱ्या झालेल्या माणसाला दुखण्याची आठवण कशाला करून देता?” मी वहीत ‘बरा’, ‘बरी’ लिहीत गेले. अक्षर माझंच आहे, नाकारत नाही.

त्यात पैठणची एक विणकर बाई होती. तिच्या नावापुढे ‘बरी’ लिहिलं, पण मला काही चैन पडेना. रविवारी एसटीने गेले. बाई बंद मागाशेजारी उशीला टेकून बसलेली. औषधं संपल्यावर चार महिन्यांनी तिचं अपेंडिक्स फुटलं होतं. तिथल्याच एका दवाखान्यात पोट उघडावं लागलं होतं. आता तिला मागावर तासभरही बसवत नव्हतं.

“मग आमच्याकडं का नाही आलात, मावशी?”

“कोणत्या तोंडानं येऊ? सायबानं लई चांगलं औषध दिलं, माझ्याच अंगाला लागलं न्हाई. येणारच व्हते मी, पर लाज वाटली.”

म्हणजे दोष औषधाचा नाही, तिच्या अंगाचा! असे किती ‘बरे’ घरी लाजून बसले असतील, याचा विचार करत मी परत आले. सरांची मला किळस आली, आणि थोडी माझीही.

सोमवारी सगळं सांगितलं. सरांनी काडी चावली. “एका बाईसाठी वही खराब करायची नाही, मॅडम.” या अभ्यासावरचा लेख छापायला जायचा होता. तो छापून आला की आमच्याकडे सरसकट औषधंच दिली जाणार होती. फक्त वहीच्या पानापानावर सरांची सही राहिली होती.

आणि नेमके तेव्हाच सर येईनासे झाले. आठवडा गेला, दोन गेले. शिपाई म्हणाला, “आले न्हाईत म्हंजी बरे असतील!” सगळे हसले, मीही हसले.

शेवटी वही घेऊन मी चिकलठाण्याला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. “जालन्याला स्वतःचं ऑपरेशन करून घेऊन आलेत,” त्या हळूच म्हणाल्या. “अपेंडिक्सच. आधी स्वतःचीच औषधं घेतली, पण परत दुखलं. इथं नको म्हणाले, लोक हसतील.”

सर पलंगावर अंग चोरून बसले होते, उजव्या कुशीवर हात दाबून. मला पाहताच म्हणाले, “मी येणारच होतो, मॅडम.”

पैठणच्या बाईचेच शब्द. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. वाटलं, आता तरी या माणसाला कळलं असेल.

मी मुद्दाम तिचंच पान उघडलं. नाव, गाव आणि पुढे ‘बरी’.

“सर, हे खोडू?”

त्यांनी ते बराच वेळ वाचलं. मग पेन मागितलं आणि खाली सही केली.

पुढची पानं मीच उलटत गेले, कारण त्यांचा दुसरा हात पोटावरून निघत नव्हता.